आधी उजवा

सासूबाईंचे सँडल मी अजून टाकलेले नाहीत. दोन्ही एकाच दिवशी, बाजारातल्या एकाच दुकानातून घेतलेले. डावा आज कुणी पाहिला तर नवाच म्हणेल. उजव्याचा पुढचा भाग, अंगठ्याखालचा, झिजून कागदाइतका पातळ झाला आहे. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा पाय पुढे पडायचा तो जमीन घासत पडायचा. आधी काठीचा आवाज, मग ते घासणं, मग डाव्या पायाचं नीट पडलेलं पाऊल. स्वयंपाकघरात पाठमोरी असले तरी त्या कुठवर आल्या आहेत हे मला कळायचं.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी चहा घेताना कप त्यांच्या उजव्या हातातून सुटला आणि त्या कपाकडे न बघता हाताकडे बघत बसल्या. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू लाकडासारखी होती, जीभही जड झाली होती. बोलणं मात्र लवकर परत आलं, आणि साठून राहिल्यासारखं सगळं एकदम आलं. पाय परत यायला तयार नव्हता.

व्यायामासाठी घरी एक मुलगी येऊ लागली. बुलढाण्यातच वाढलेली, फिजिओथेरपीचं शिक्षण घेऊन नुकतीच काम करू लागलेली. स्कूटी फाटकाशी लावायची, डोक्यावरची ओढणी सारखी करायची आणि दारातूनच विचारायची, "आजी, पाय काय म्हणतो आज?"

"तो काय म्हनते? झोपून राह्यला हाय तुह्या बापासारखा," सासूबाई म्हणायच्या. तिचे वडील दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून झोपतात, हे पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिच्याकडून काढून घेतलं होतं.

ती हसायची आणि त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहायची. आधार देणाऱ्याने नेहमी कमजोर बाजूला उभं राहायचं, हे तिने मला शिकवलं. कमरेला बांधलेला पट्टा मागून धरायचा, पण ओढायचं नाही. वजन उजव्या पायावर येऊ द्यायचं, गुडघा मागे झटका देऊन ताठ होतो का ते बघायचं, टाच आधी टेकते की चवडा ते बघायचं. ती नसायची तेव्हा हे काम माझं. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करते. आयुष्यभर पानांकडे बघत आलेल्या माझ्या डोळ्यांना त्या हिवाळ्यात एकच काम लागलं, एका पायाकडे बघण्याचं.

सासूबाईंना मात्र घरात फिरता येण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना जानेफळला जायचं होतं. तिथे त्यांचं माहेर, धाकट्या भावाचं घर. आईवडील गेल्यावरही मामांनी बहिणीची आखजी कधी चुकवली नव्हती. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखजी म्हणतात, आणि त्या दिवशी माहेरी जेवलेली बाई वर्षभर तेवढ्यावर काढते, असं सासूबाई म्हणायच्या. मामा फोनवर म्हणाले होते, "खुर्चीत बसवून आनतो ना वं बाई, दोन मान्सं पाठवतो." त्यावर त्या भडकल्या होत्या. "खुर्चीत बसून मी स्मशानात जाईन, माहेरी नाई. माह्या पायानं येतो. उजवा पाय टाकून येतो."

ही उजव्या पायाची गोष्ट आम्ही तोवर मनावर घेतली नव्हती. ती कळली पायरीचा धडा सुरू झाला त्या दिवशी.

आमच्या पुढच्या दाराला एक पायरी आहे आणि संगमरवराचा बुटका उंबरठा. मुलीने त्यांना पायरीसमोर उभं केलं आणि म्हणाली, "आजी, एक नियम पाठ करायचा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना आजारी पाय आधी. म्हणजे आत येताना आधी डावा."

सासूबाईंनी काठीवरचा हात घट्ट केला. "घरात येताना डावा?"

"हो."

"तुमच्यात चालते?"

मुलगी खरं तेच बोलली. "नाही चालत, आजी. अम्मी पण उजवाच म्हणते. अब्बा मशिदीत जाताना उजवाच टाकतात. पण तुमचा उजवा आधी वर ठेवला, तर मग सगळं अंग त्याच पायाने वर उचलायला लागेल. त्याच्यात अजून तेवढा दम नाही."

"मंग दम आन."

"आणू. पण टाइम लागेल."

"आखजीपर्यंत?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी पायाकडे पाहत होते. "कोशिश करू," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी त्यांना खुर्चीत बसवलं, पायाला बांधलेली आधाराची पट्टी सैल केली आणि समजूत घालावी म्हणून म्हटलं, "आई, पायाला काय कळतं डावा-उजवा? बसून बोलण्याच्या गोष्टी या."

त्या माझ्याकडे बघून गालात हसल्या. चेहऱ्याची एक बाजू अजून मागे राहायची, त्यामुळे ते हसू जरा बेरकी दिसायचं. "तू त असंच म्हनशीन. तू डाव्या पायानं आली ना ह्या घरात."

मी थबकले. लग्न होऊन नाशिकहून या घरी आले त्या संध्याकाळी दारात तांदळाचं माप ठेवलेलं होतं. शालू पायात येत होता, मागून बायका ढकलत होत्या, आणि गोंधळात माझा डावा पाय मापाला लागला होता. तो डावा होता हे माझ्या लक्षात आलं ते माप कलंडल्यावर. कुणी काही बोललं नाही, म्हणून कुणी पाहिलं नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"तुम्ही पाहिलं होतं?"

"दारात ओवायाचं ताट घेऊन कोन उभं होतं? तुही सासू. म्या ताट आडवं धरलं अन् मोठ्यानं म्हनलं, आली वं लक्ष्मी उजव्या पायानं! तुह्या आतेसासूची नजर लई वाईट. जन्मभर बोलली असती तुले."

"मग मला कधी बोलला नाहीत तुम्ही?"

"झाकलं ते झाकलं. पुन्हा उघडून काय पाह्याचं?" मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "पन मले झाकाले कोनी नाई वं आता. मी मायच्या दारात उजव्यानंच जाईन."

त्या दिवसापासून मी त्यांना समजावणं सोडलं आणि पट्टा धरला.

हिवाळा सरला. बुलढाण्याच्या पठारावर ऊन तापू लागलं तसे आम्ही सकाळी लवकर फाटकापर्यंत जाऊ लागलो. काठी, उजवा, डावा. त्यांचा पाय सरळ पुढे न येता बाहेरून अर्धवर्तुळ काढत यायचा, गवत कापणाऱ्या विळ्यासारखा. मुलगी म्हणायची, "आजी, गुडघा वाकवा, कमरेतून फेकू नका." त्या म्हणायच्या, "वाकते काय तो? नवरदेवासारखा ताठ हाय." शेजारच्या काकू कंपाउंडवरून विचारायच्या, "आज कुठवर?" आणि सासूबाई उत्तर द्यायला उभ्या राहायच्या.

हीच अडचण होती. बोलायला लागल्या की त्या थांबायच्या. चालायच्या तर गप्प, बोलायच्या तर उभ्या. मुलीला हे सलत होतं. ती म्हणायची, लक्ष देऊन टाकलेलं पाऊल हे अजून उसनं असतं. डोकं दुसरीकडे असताना पाय आपण होऊन पडला की तो खरा आपला. म्हणून ती मुद्दाम त्यांना चालताना प्रश्न विचारायची. वांग्याची भाजी कशी करता, जानेफळला तुमच्या घराशेजारी कोण राहतं. सासूबाई तिथेच थांबून सविस्तर सांगायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, आता चाल म्हन."

"आजी, ज्या दिवशी तुम्ही बोलता बोलता चालाल ना, त्या दिवशी मी पेढे आणीन."

"मंग तुह्ये पेढे काई येत नाई. चालन्याचं चालन्यात अन् बोलन्याचं बोलन्यात."

पायरीवर उजवा पाय ठेवून अंग उचलणं शेवटच्या काही दिवसांत जमू लागलं. रोज जमायचं असं नाही. जमलं तर चौकट डाव्या हाताने धरून, ओठ मिटून, कपाळावर घाम येईपर्यंत जमायचं, आणि वर आल्यावर त्या कुणाकडे न बघता उंबरठ्याकडे बघायच्या. मामांचा फोन आला की माझे यजमान त्यांना सगळं सांगायचे. "चालते आहे आई छान. पायरीचंच काय ते अवघड आहे," असं ते एकदा म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. मीही तिथेच बसले होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आखजीच्या सकाळी आम्ही निघालो. यजमान गाडी चालवत होते. सासूबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसवून घेतलं होतं. चिखली मागे पडल्यावर त्या बोलायच्या थांबल्या. काळी नांगरलेली शेतं दोन्ही बाजूंनी सरकत होती आणि त्यांचे ओठ हलत होते. मी कान दिला. त्या म्हणत होत्या, उजवा, उजवा.

मामांच्या घरासमोर गाडी थांबली. पांढऱ्या टोपीत मामा अंगणातच उभे होते, बराच वेळ उभे असावेत. आतून आमरसाचा वास येत होता. मी उजव्या बाजूने आले, पट्टा धरला, काठी डाव्या हातात दिली. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि मान वर करून दाराकडे पाहिलं.

दाराला पायऱ्या नव्हत्या. जिथे ओट्याच्या दोन पायऱ्या असायच्या तिथे सिमेंटचा करडा उतार अंगणापासून थेट आत गेला होता. उंबरठाही काढलेला होता. सागवानी जाड उंबरठा, त्याला हळदकुंकवाची बोटं लागून लागून मधोमध खळगा पडलेला, तो नव्हता. त्याच्या जागी सिमेंट ओलं असताना करणीने ओढलेली एक रेघ होती. अलीकडे उतार, पलीकडे घरातली फरशी.

"कसं झालं?" मामा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "आता येन्याचा तरास नाई. मिस्त्रीले परवाच म्हनलं, बाई यायच्या आधी वाळलं पाह्यजे."

सासूबाई बघत राहिल्या. "उंबरठा कुठं हाय?"

"काहाडला ना."

"काऊन काहाडला बे?"

"तुह्यासाठीच काहाडला वं बाई! भाच्यानं सांगतलं, पायरी जमत नाई म्हनून—"

"मायनं रोज सकाळी पुजला तो! माह्या लग्नात त्याच उंबरठ्यावर मी अडून बसली होती, निघत नव्हती, तू मले वढत होता, इसरला?" त्या चालू लागल्या. "अन् मले इचारलं नाई. एक फोन नाई करता येत तुले? अडानी कुठला!"

मामा उलट्या पावलांनी मागे सरकू लागले, हात जोडल्यासारखे पुढे धरून. "बाई, आयक त—"

"काय आयकू? थांब, पयतं कुठं!"

आणि त्या उताराने वर त्यांच्यामागे गेल्या. काठी टेकत, बोलत, एकदाही न थांबता. माझी नजर सवयीने खाली होती. अर्धवर्तुळ नाही, घासणं नाही. गुडघा वाकला, टाच आधी टेकली. रेघ आली तेव्हा त्या मामांना काहीतरी बोलतच होत्या, आणि रेघेपलीकडे आधी पडला तो उजवा पाय. मग डावा. पट्टा माझ्या हातात नुसता होता.

आत गेल्यावर त्या पलंगावर बसल्या आणि रडू लागल्या. मामा खांबाला टेकून उभे राहिले. यजमान गाडी लावून आत आले तोवर सगळं होऊन गेलं होतं. जेवायला बसलो. पुरणपोळी होती, रस होता. सासूबाईंनी रसाची वाटी डाव्या हाताने पुढे ओढली आणि दोन घास खाऊन ठेवली. मामांनी तेवढंही खाल्लं नाही. निघताना त्या एकच म्हणाल्या, रागाने नव्हे, थकून: "आपलं घर कुठून सुरू होते तेच समजून नाई राह्यलं मले." तो उतार मामांनी प्रेमाने केला होता आणि आता तो त्यांच्याच दारात पडून होता.

परत येताना गाडीत मी त्यांचा निजलेला हात हातात घेतला आणि सांगितलं, "आई, तुम्ही आत गेलात तेव्हा आधी उजवा पाय पडला. बोलता बोलता. थांबला नाहीत. मी स्वतः पाहिलं."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मी अजून बोलले. टाच कशी टेकली ते, गुडघा वाकल्याचं, रेघेचं. आनंद झाला की माणूस जास्त तपशील देतो, तसं माझं झालं. त्या सगळं ऐकून घेत होत्या आणि त्यांच्या तोंडावर ते अर्धं बेरकी हसू येत होतं.

"राह्यू दे," त्या म्हणाल्या. "तुह्या वख्ती म्या झाकलं. आता तू माह्यं झाकून राह्यली."

"नाही हो आई, खरंच."

"म्या बी असंच म्हनलं होतं, ताट धरून. उजव्या पायानं आली वं." आणि माझ्या हातावर त्यांनी डाव्या हाताने थोपटलं. "भल्ली गुनाची हाय तू."

दुसऱ्या दिवशी मी ते मुलीला सांगितलं. तिचे डोळे चमकले. "आजी, खरं?"

"हिले माया हाय माह्यी. खोटं बोलते."

मुलीने त्यांना दारातून पुन्हा चालायला लावलं, वांग्याची भाजी विचारली. त्या थांबल्या आणि भाजी सांगितली. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. आम्ही दोघी पाहत आहोत हे त्यांना कळत होतं, आणि पायालाही कळत असावं. पुढच्या वेळी मुलगी पेढे घेऊन आली, पण ते देताना माझ्याकडे अशी बघून हसली, की तिचाही विश्वास बसला नव्हता हे मला समजलं.

मग त्यांनी उजव्या पायाचा हट्ट सोडला. चढताना डावा, उतरताना उजवा, मुलीने सांगितलं होतं तसं, शहाण्या विद्यार्थिनीसारखं. मी कधी विषय काढला की त्या हसून दुसरं बोलायच्या. मामांशी फोनवर बोलणं होत होतं, पण माझ्या कानावर यायचं ते जेवणखाण, पाऊसपाणी एवढंच. दिवाळीत भाऊबीजेला जाऊ, तेव्हा नीट बोलीन, असं त्या म्हणत होत्या. पोळा झाला आणि दुसरा झटका आला. त्यानंतर त्यांना बोलता आलं नाही. काही दिवस दवाखान्यात होत्या, तिथूनच गेल्या.

तेराव्याला आलेल्या मामांना आम्ही दोघं गाडीने जानेफळला सोडायला गेलो. यजमान शेजाऱ्यांशी बोलत अंगणात थांबले. मामा भिंतीला हात लावत त्या उताराने चढले. त्यांचे गुडघे दुखतात. "आता मलेच कामी येऊन राह्यला," ते म्हणाले. आत खांबापाशी जुना उंबरठा आडवा ठेवलेला होता. त्यांनी तो टाकून दिला नव्हता. ते त्यावरच बसले. मी समोर खाली बसले.

मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी बाईनं आंदर येताना कोनता पाय टाकला वं? तू जवळ होती."

"उजवा," मी म्हटलं. "आधी उजवाच पडला. तुम्हाला रागवत होत्या ना, त्या नादात."

मामांनी मान हलवली. "बाई फोनवर म्हने मले. सून म्हनते उजवा, पन सून भल्ली हुशार हाय."

"मामा, मी खोटं नाही सांगत."

"नाई नाई. तू म्हनतं त उजवाच असन." लहान मुलाला म्हणावं तसं ते म्हणाले. मग उठले, दाराशी गेले, वाकून त्या रेघेवरची धूळ तळहाताने बाजूला केली. सिमेंट वाळूनच गेलं होतं त्या दिवशी. त्यावर काही उमटलेलं असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी ते पाहत राहिले, आणि मीही पाहत राहिले.

सरळ होता होता ते म्हणाले, "आता येताना तू कोनता टाकला?"

मी आठवून पाहिलं. "लक्ष नव्हतं माझं."

"पाह्य," मामा म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, थोडी दयाच होती. "स्वताचा पाय मान्साले ध्यानात राहत नाई, मंग दुसऱ्याचा काय राहीन?"

यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ होतं. दिवाळीपासून आखजीपर्यंत मी त्या एका पायाशिवाय दुसरं काही पाहिलंच नव्हतं, माझेही पाय नाही. पण ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी ते हसून ऐकून घेतलं होतं. मी पदर सारखा केला आणि बाहेर यजमानांनी गाडी सुरू केली होती, तिकडे निघाले.